पहिल्या वर्षाचे घड

माझ्या बायकोला किडनी द्यायला तिचे थोरले भाऊ डाळजहून आले, त्या दिवशी त्यांनी लग्नकार्यात घालायचा पांढरा शर्ट घातला होता. तपासणीला उपाशीपोटी यायला सांगितलं होतं, म्हणून घरून पाण्याचा घोटही न घेता पहिल्या एसटीने निघाले होते. दारात पाऊल टाकल्या टाकल्या बायको सवयीने म्हणाली, "दादा, चहा ठेवते." आणि मग तिचं तिलाच आठवलं, आज चहा नाही. दोघं बहीणभाऊ हसले. घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसलं होतं.

बारामतीत माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळाल्या, की काटेवाडी, सांगवीकडची माणसं त्या माझ्याकडे घेऊन येतात. आतली जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश करून भट्टीत वाळवायची. तीसेक वर्षं हेच केलं. घर गावाच्या कडेला, काटेवाडीच्या अंगाला. मागे थोडी मोकळी जागा, तिला आम्ही परसच म्हणायचो, पण तिथं कपडे वाळत घालायची दोरी आणि भंगारात काढलेल्या मोटारींची कवचं यांशिवाय काही नव्हतं.

बायकोच्या किडन्या गेल्याचं कळलं, तेव्हा तिला कसलाच मोठा आजार झालेला नव्हता. पाय सुजायचे, जेवण जायचं नाही, एवढंच. डॉक्टर म्हणाले, रक्तदाबाने आतल्या आत काम केलं आहे. डायलिसिस सुरू झालं. माझी किडनी चालेल का विचारलं, तर रक्तगट जुळत नव्हता. मुलगी पुण्याला असते. तिने लगेच फोनवर सांगितलं, मी देते. पण तिचं बाळ तेव्हा अंगावर पीत होतं. बायकोने तिचं पुढचं बोलणंच ऐकून घेतलं नाही. मग दादांनी आपणहून निरोप पाठवला, की मी येतो.

पहिल्याच रक्ताच्या तपासणीत दादांना साखर निघाली. थोडीथोडकी नाही, चांगली मुरलेली. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. बागेतलं काम, उन्हातान्हात फिरणं, दमायला होतंय ते वयानं होतंय असं ते धरून चालले होते. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं, की तुमची किडनी घेता येणार नाही, आणि पुढेमागे तुम्हालाही तिची गरज लागेल. दादांनी विचारलं, गोळ्या घेऊन साखर खाली आणली तर? डॉक्टरांनी मान हलवली.

तिथून ते घरी गेलेच नाहीत. माझ्या दुकानात आले आणि स्टुलावर बसले. मी त्यांच्यासाठी नाश्ता मागवला, त्याला त्यांनी हात लावला नाही. एक गिऱ्हाईक मोटार न्यायला आलं, तिचा आवाज बघितला, पैसे देऊन गेलं, तरी दादा तसेच. दुपार झाली तेव्हा म्हणाले, "दाजी, तिला तुमीच सांगा. माझ्यानं न्हाय व्हायचं."

मी सांगितलं. ती स्वयंपाकघरात भाकरी करत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं आणि म्हणाली, "बरं झालं, ह्या निमित्तानं कळलं तरी. त्याला म्हणावं गोळ्या वेळेवर घे." मग भावाला फोन करून जेवायला बोलावलं. त्या दिवशी त्यांच्या पानात तिने भात वाढला नाही. दादांनी भात मागितलाही नाही.

ते जेवून गेले, आणि पुढे बरेच दिवस आलेच नाहीत.

आले ते थंडी सरतासरता, ओळखीच्या पिकअपमधून. सोबत दोन-तीन पोती माती, एक पोतं शेणखत, आणि काळ्या पिशवीत लावलेलं वीतभर उंचीचं, चार पानांचं रोप. मला वाटलं, गुलाबबिलाब असेल. बायकोने मात्र खिडकीतूनच ओळखलं. ती चप्पल न घालता बाहेर आली.

डाळजला त्यांच्या वडिलांची द्राक्षबाग होती, ती आता दादा बघतात. बायको त्या बागेतच वाढली. शाळेतून आली, की दप्तर टाकून बायकांबरोबर घडांची विरळणी करायला जायची. घडात मण्यांची फार दाटी झाली, की बारीक कात्रीने मधले मणी काढून टाकायचे, म्हणजे राहिलेले फुगतात. लग्न होऊन ती बारामतीला आली आणि बाग सुटली. बाजारात द्राक्षं आली, की ती घड उचलून उन्हाकडे धरून बघायची, देठ वाकवून बघायची आणि पुष्कळदा न घेताच पुढे जायची. दुकानदार चिडायचे. मीही चिडायचो.

दादा रोप उतरवत म्हणाले, "बाय, तुला बागंत येता येत न्हाय, तर बाग हितं आणली."

परसातली जमीन म्हणजे नुसता मुरूम. खड्डा खणताना पहारीच्या ठिणग्या उडाल्या. दादांनी आणलेली माती धरणाच्या गाळाची होती, उजनीचं पाणी मागे सरल्यावर जो गाळ उघडा पडतो तो. काळी, लोण्यासारखी. ती आणि शेणखत खड्ड्यात भरून रोप लावलं. मला त्यांनी समजावलं, की हे रानटी जातीचं रोप आहे, याला खाण्याजोगी द्राक्षं येणार नाहीत. याची मुळं चिवट, खाऱ्या पाण्याला, दुष्काळाला दाद देत नाहीत. पावसाळ्याच्या शेवटाला यावर बिनबियांच्या, गोड जातीची काडी बांधायची. मुळं याची, फळ तिचं.

बायकोच्या डाव्या हाताच्या नसा जोडून डायलिसिसची जागा केलेली होती. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्याला काही लागू द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. त्या जागेवर बोट ठेवलं, की आत सारखी घरघर लागायची. रोज उठल्यावर ती घरघर चालू आहे का हे बघायचं, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं, कारण ती थांबली तर जागा बंद पडली. ते बघायचं काम तिने माझ्यावर टाकलं होतं. "तुमाला मोटारींची सवय हाय, तुमीच बघा," म्हणायची. मी हात ठेवायचो आणि चालू आहे म्हणायचो. मग ती उठायची, परसाच्या दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि रोपाला पाणी कसं घालायचं ते मला सांगायची. एकदम ओतू नका. बुंध्यापासून लांब घाला. आज नको, माती ओली आहे.

स्वतःला मात्र तिला पाणी मोजून होतं. डायलिसिसच्या माणसाला लघवी फारशी होत नाही, प्यालेलं अंगात साठतं, म्हणून चहा, आमटी, पाणी सगळं धरून दिवसाला एक ठरलेलं माप. ते ती सकाळी तांब्यात भरून ठेवायची आणि दिवसभर घोट घोट पुरवायची. बारामतीचा उन्हाळा तुम्ही बघितला असेल तर मी वेगळं सांगायला नको. ओठ फुटायचे. बोलता बोलता जीभ टाळ्याला चिकटायची. मी, आणि मुलगी पुण्याहून आली की तीही, तिच्यासमोर पाणी प्यायचं टाळायचो, तर ती रागवायची. म्हणायची, तुम्ही चोरून प्यायलात तर मला जास्त तहान लागते. त्या दिवसांत ती वेलाला पाणी घालताना नीट बघत बसायची. पाणी आळ्यात जिरेपर्यंत तिची नजर हलायची नाही.

पावसाळा सरत आला, तेव्हा दादा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या घेऊन आले. रोपाला दोन फांद्या ठेवल्या होत्या. दोन्ही कापून, मधे चीर देऊन, त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची. काड्या बसवल्या त्यांनी, पण प्लॅस्टिकची पट्टी बांधायला बहिणीला बोलावलं. तिने उजव्या हाताने पट्टी गुंडाळली, दादांनी दुसरं टोक धरलं. दोघांची डोकी एकमेकांना लागली होती. लहानपणी त्यांच्या वडिलांनी तिला कलमाला कधी हात लावू दिला नव्हता, हे तिने मला त्या संध्याकाळी सांगितलं. एक काडी वाळली, दुसरी लागली. पहिला डोळा, म्हणजे कोंब, फुटला तेव्हा तिने डाळजला फोन केला. पलीकडून दादा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण ती बराच वेळ फोन कानाला लावून नुसतं "व्हय, व्हय" करत होती.

पुढच्या वर्षी मी दुकानातले लोखंडी अँगल आणून मांडव उभा केला, वरून तार ओढली. वेल बांबूच्या आधाराने वर गेला, तारेपाशी त्याचा शेंडा खुडला, दोन्ही अंगाला दोन हात पसरले. त्याच वर्षात तिचं डायलिसिस आठवड्यातून दोनदाचं तीनदा झालं. वारलेल्या माणसाची किडनी मिळावी म्हणून नाव नोंदवलेलं होतं. तिथून कधी फोन आला नाही. तिचं वजन उतरत गेलं, चेहरा काळवंडला. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, म्हणून तिने त्या काढून ठेवल्या. पण वेल कुठवर आला, कुठली फांदी ठेवायची, कुठली काढायची, याबद्दल तिचं आणि दादांचं फोनवर रोजचं बोलणं चालायचं. आजाराबद्दल दोघंही एक शब्द बोलायचे नाहीत. दादांनी कधी विचारलं तर "बरी हाय" एवढंच.

ऑक्टोबरात फळासाठी छाटणी करतात. ती दादांनी येऊन केली. दिवाळी झाली आणि वेल फुटला, पानांबरोबर हिरवे, मोहरीएवढ्या मण्यांचे घड दिसायला लागले. बायको खुर्चीवरून मान वर करून ते मोजायची आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा सांगायची.

मग दादा घड कमी करायला आले. मी त्या दिवशी दुकान उशिरा उघडणार होतो, म्हणून घरीच होतो. दादा मांडवाखाली स्टुलावर चढले, कात्री उघडली आणि म्हणाले, वेल अजून कोवळा आहे, पहिल्याच वर्षी एवढा भार त्याला झेपायचा नाही, निम्म्याहून जास्त घड काढून टाकायला हवेत.

बायको खुर्चीतून म्हणाली, "ऱ्हाऊ दे सगळं."

दादांना वाटलं, ती चेष्टा करते आहे. "आगं, तुला काय सांगाय पायजे का? आज समदं ठेवलं तर पुढल्या वर्षी ह्यो वेल उठायचा न्हाय."

"मला ठावं हाय."

"मग?"

"दादा, पुढलं वरीस मी बघणार हाय का?"

तिने हे रडून नाही म्हटलं. बाजारातून मेथी आणायची आहे का, असं विचारावं तसं म्हटलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. आजारपण सुरू झाल्यापासून हे वाक्य घरात कोणी उच्चारलं नव्हतं, डॉक्टरांनीसुद्धा नाही.

दादांनी कात्री मिटली, खिशात घातली आणि खाली उतरले. मोरीत जाऊन हात धुतले. हाताला काही लागलं नव्हतं, तरी नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आले तेव्हा चेहराही ओला होता. बहिणीजवळ येऊन म्हणाले, "बरं. ठिवू समदं. पर फवारणीला मी सांगंन तवा फवारायचं."

ती म्हणाली, "व्हय."

आयुष्यभर ज्या माणसाने नेमाने घड काढून वेल राखले, त्याने त्या दिवशी एकही घड काढला नाही. दर चार-पाच दिवसांनी ते येत राहिले. एकदा अवकाळी ढग आले, तर भर दुपारी मोटरसायकलवरून फवारणीचा पंप पाठीला बांधून आले. विरळणी मात्र बायकोने केली. मी खुर्चीखाली दोन विटा ठेवून ती उंच केली, दादांनी घड तिच्यापर्यंत वाकवून धरले. लहान कात्रीने ती मधले मणी काढायची. थोड्या वेळाने हात गळून जायचा, मग उरलेलं दुसऱ्या दिवशी. पाखरांनी टोचू नयेत म्हणून तिच्या जुन्या साड्या फाडून तिने पिशव्या शिवल्या. आमचा मांडव रंगीबेरंगी पिशव्यांनी भरून गेला. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची.

द्राक्षं तयार झाली फेब्रुवारीत. मणी मोठे नव्हते. भार जास्त असल्यावर ते होत नाहीत, हे तिने मला आधीच सांगून ठेवलं होतं. पण गोड होते, कडक होते, दाताखाली आवाज व्हायचा. पहिला घड तिने डाळजला पाठवला. दादांनी त्यातला एकच मणी खाल्ला आणि बाकीचे घरात वाटले, असं वहिनींनी कळवलं. मग शेजारीपाजारी, माझी गिऱ्हाइकं, पुण्याला मुलगी, सगळ्यांना गेले.

तिला स्वतःला किती खाता येतील, ते दवाखान्यात विचारलं. डायलिसिस विभागातल्या नर्सबाईंनी सांगितलं, थोडी चालतील, आणि एक करा, ती बर्फाच्या कप्प्यात गोठवून एकेक चघळायला द्या, त्यानं तहान मरते. आम्हाला हे दोन वर्षं कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि आमच्या डोक्यात शिरलं नसेल. बायकोने घड सोडवले, मणी धुतले, फडक्यावर वाळवले, आणि स्टीलच्या ताटात एकाला एक न लागेल असे मांडून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर पांढरं दव धरलं होतं. तिने एक उचलून गालात ठेवला आणि डोळे मिटले. मी विचारलं, कसं वाटतंय? तिने हाताने थांबा अशी खूण केली. तो मणी विरघळेपर्यंत ती बोलली नाही. मग बाकीचे तिने डब्यात भरून परत कप्प्यात ठेवले.

पाण्याच्या तांब्यातलं पाणी त्या दिवशी पहिल्यांदा उरलं. तिने ते नेऊन वेलाला घातलं.

तो महिना आमच्या घरातला शेवटचा चांगला महिना होता. ती दुपारी मांडवाखाली बसायची, समोर वाटीत दोन-चार गोठलेले मणी. मी जेवायला घरी आलो, की तिच्याजवळ बसायचो. ती बागेतल्या गोष्टी सांगायची. कुठली बाई विरळणी करताना गाणी म्हणायची, वडील बायकांना दुपारी ताक कसं पाजायचे, गारपीट झाली त्या वर्षी आईने दोन दिवस चूल कशी पेटवली नव्हती. तीस वर्षांच्या संसारात मी त्यातलं काही ऐकलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं असं नाही, पण दोघांनाही इतका निवांत वेळ कधी मिळाला नव्हता.

मार्च संपत आला होता. त्या दिवशी तिला डायलिसिसला घेऊन गेलो. मशीन लावून झालं होतं. तिने मला चहा पिऊन या म्हणून सांगितलं, मी म्हणालो, नंतर पितो. ती मुलीच्या बाळाबद्दल बोलत होती, त्याच्या राहून गेलेल्या जावळाला कोणाकोणाला बोलवायचं. मधेच थांबली आणि म्हणाली, "अहो, मला कसं तरी होतंय." नर्सबाई धावत आल्या, मशीन थांबवलं, पाय वर केले, डॉक्टर आले. मला पडद्याबाहेर थांबायला सांगितलं. आतून सूचनांचे आवाज येत होते, मग ते कमी होत गेले.

मला आत बोलावलं तेव्हा तिचा डावा हात चादरीबाहेर होता. मी त्या जागेवर बोटं ठेवली. रोजच्या सवयीने ठेवली, दुसरं काही मनात नव्हतं. काहीच लागलं नाही. नर्सबाईंनी माझा हात हळूच बाजूला घेतला.

दहाव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. माझी बहीण स्वयंपाकघर बघत होती. आलेल्यांसाठीचं दूध ठेवायला जागा होईना, म्हणून तिने फ्रिज आवरला. वरच्या कप्प्यातला डबा उघडून बघितला, तर दव धरलेले, सुरकुतलेले मणी. खराब झालेत असं समजून तिने ते बाहेर टाकून दिले. मला हे नंतर कळलं, मी डबा शोधायला लागलो तेव्हा. तिला काय माहीत? मी तिला काही बोललो नाही. उलट ती विचारत राहिली, त्यात काय होतं, आणि मी म्हणत राहिलो, काही नाही.

दादा दहाव्याला आले, पंगतीत बसले, उठले आणि कोणाशी न बोलता गेले. त्यानंतर फोनही नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात, म्हणजे फळ निघाल्यावर सगळ्या काड्या मागे कापून वेलाला नव्याने फुटायला लावतात. पुढच्या वर्षीचं फळ त्या छाटणीवर अवलंबून असतं. मला एवढं माहीत झालं होतं, पण कात्री कुठं लावायची ते माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या वेलाकडे बघवत नव्हतं. एप्रिल गेला, मे गेला. फांद्या मांडवावरून खाली लोंबायला लागल्या, पानांवर भुरीची पांढरी पूड दिसायला लागली.

जूनमध्ये एका रविवारी मी मोटरसायकल काढली आणि डाळजला गेलो. दादा बागेच्या बांधावर बसले होते. मला बघून उठले, पण पुढे आले नाहीत. मीच गेलो. शेजारी बसलो. उजनीचं पाणी लांब, खाली खाली गेलेलं होतं. कितीतरी वेळ आम्ही पावसापाण्याचं बोललो. मग मी सरळ विचारलं, का येत नाही?

ते म्हणाले, "दाजी, मला बघितल्यावर तुमच्या मनात काय येत आसंल, ह्या इचारानं पाय उचलत न्हाय."

"काय येणार?"

"की ह्या माणसाची साखर येळंवर कळली आसती, यानं वर्षभर आधी खाणंपिणं सांभाळलं आसतं, तर ती आज आसती."

माझ्या मनात असं कधीच आलं नव्हतं. तसं मी सांगितलं. त्यांना ते पटलं की नाही, हे मला आजही माहीत नाही. मी त्यांना सांगितलं, ती शेवटचा महिनाभर वाटी समोर घेऊन कशी बसायची, तहान कशी कमी झाली होती, तांब्यात पाणी कसं उरायचं. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ऐकताना त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "पाणी उरायचं?" असं त्यांनी मला पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "उरायचं. ती वेलाला घालायची." तेव्हा ते रडले. दहाव्याला रडले नव्हते.

त्याच दुपारी ते माझ्यामागे बसून बारामतीला आले. वेलाखाली उभं राहून त्यांनी सगळीकडून बघितलं. छाटणीची वेळ टळून गेली होती, तरी त्यांनी कात्री लावली. लोंबणाऱ्या फांद्या खाली पडत गेल्या, मी त्या गोळा केल्या. "यंदा काय येणार न्हाय," ते म्हणाले. मीही मान हलवली. पुढच्या फेब्रुवारीत एकही घड आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आठ-दहा लहान घड आले, विरळ, बारीक मण्यांचे. मुलीचं बाळ आता शाळेत जायला लागलं होतं. त्याने मांडवाखाली बसून मूठभर खाल्ले, हात चिकट केले, आणि दादा त्याच्याकडे बघत बसले.

मागच्या पावसाळ्यात वेल पिवळा पडला. बुंध्याला उभी चीर गेली होती, आत भुसा. ऑक्टोबरात छाटणी केल्यावर एकही डोळा फुटला नाही. दादांनी नखाने साल खरवडून बघितली, खाली हिरवं काही नव्हतं. तेव्हा मी त्यांना विचारलं, त्या वेळी सगळे घड ठेवले म्हणून का? ते म्हणाले, "तसंच म्हनायचं. पर परत तीच येळ आली तर मी परत ठिवीन."

आम्ही दोघांनी मिळून तो बुंध्यापासून कापला. दादांनी विचारलं, नवं रोप आणू का? त्यांच्या बागेत होती रोपं. मी नको म्हणालो. त्यांनी आग्रह केला नाही. मला तेव्हा वाटलं, आता त्यांचं येणं बंद होणार. मुलगी पुण्याला चला म्हणते, तिच्याकडे गेलो तर हे घरही बंद होईल. मी अजून गेलो नाही. दुकानात गिऱ्हाइकं येतात, मोटारी भरून देतो, वाजवून बघतो, संध्याकाळी घरी येऊन एकट्यापुरता स्वयंपाक करतो.

या एप्रिलमध्ये एका सकाळी दारात मोटरसायकल थांबली. दादा होते. आता त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून त्यांच्या मुलाने सोडलं होतं, तो परस्पर मार्केटला गेला. छाटायला काही नव्हतं, तरी दादा आले. आम्ही परसात खुर्च्या टाकल्या. मी चहा केला, त्यांचा बिनसाखरेचा. त्यांनी तपासणीचे कागद दाखवले, किडनीचा आकडा थोडा वर गेला आहे म्हणाले, पुढच्या आठवड्यात बारामतीतच दाखवायचं आहे. मी म्हणालो, मी येतो बरोबर. ते म्हणाले, "तुमाला त्या दवाखान्यात परत यायला जड जाईल, दाजी." मी म्हणालो, जाईल, पण येतो.

चहा गार होईपर्यंत आम्ही तिथंच बसून होतो.